‘सगळं ओरिजिनल आहे’

वापरलेल्या मोटारींच्या व्यवहारात ‘सगळं ओरिजिनल आहे’ हे विधान ज्या गाडीविषयी सर्वांत ठामपणे केले जाते, त्या गाडीत मूळचे असे फार थोडे शिल्लक असते. हा नियम वाहनशास्त्राच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात नोंदलेला नसला तरी त्याला अपवाद शोधणे कठीण आहे. साध्या, कुटुंबवत्सल गाडीच्या बाबतीत या विधानाची फारशी परीक्षा होत नाही, कारण तिच्या इंजिनात हात घालावा अशी ऊर्मी तिच्या मालकाला सहसा येत नाही. तो फार तर सीटकव्हर बदलतो आणि डॅशबोर्डवर गणपती बसवतो. वेगासाठी घडवलेल्या गाडीचे प्राक्तन मात्र वेगळे असते. कारखान्याने दिलेल्या शक्तीवर समाधान मानणारा माणूस मुळात ती घेतच नाही. जो घेतो तो तीत काही भर घालतो, भर घालून कंटाळतो आणि ती विकतो, आणि तिचा पुढचा मालकही त्याच पिंडाचा असल्यामुळे पहिल्याने काय केले होते याची चौकशी न करता त्यावर आपली भर घालतो. अशा रीतीने चौथ्या-पाचव्या हाती पोहोचलेली गाडी नेमकी काय आहे, हे तिच्या कारखान्यालाही सांगता येत नाही.

या विषयाच्या अभ्यासासाठी स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस या गाडीइतके सोयीचे उदाहरण भारतीय रस्त्यांवर क्वचितच सापडेल. २००४ मध्ये भारतात विक्रीस आलेल्या या गाडीची जुळणी तेव्हाच्या औरंगाबादजवळ, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, शेंद्रा येथील कारखान्यात होत असे. तिच्यात १७८१ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन होते, प्रत्येक सिलिंडरला पाच याप्रमाणे एकूण २० व्हॉल्व्ह होते आणि या सर्वांच्या जोडीला टर्बोचार्जर होता. टर्बोचार्जर म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या जोरावर एक चक्र फिरवून त्याच दांड्यावरील दुसऱ्या चक्राने ताजी हवा सिलिंडरांत दाबून भरण्याची योजना. हवा जास्त गेली की पेट्रोल जास्त जाळता येते आणि पेट्रोल जास्त जळले की शक्ती जास्त मिळते, एवढेच त्यामागचे तत्त्व आहे. युरोपात याच नावाची गाडी १८० अश्वशक्तीची होती आणि भारतात मात्र ती १५० अश्वशक्तीवर थांबवण्यात आली. या ३० अश्वशक्तींच्या तफावतीने पुढील दोन दशके अनेक गॅरेजांना काम पुरवले, कारण जे विलायतेत मिळते आणि आपल्याला मिळाले नाही ते परत मिळवणे ही भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने हौस नसून अन्यायनिवारण असते.

येथे एका भौगोलिक योगायोगाची नोंद करणे आवश्यक आहे. ज्या जिल्ह्यात ही गाडी जुळवली गेली त्याच जिल्ह्यातील पैठणच्या संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. हाताने नकला होत होत ग्रंथात शिरलेले दोष आणि इतरांनी मागाहून घुसडलेला मजकूर, ज्याला ग्रंथचिकित्सेत ‘प्रक्षेप’ म्हणतात, तो दूर करून मूळ संहिता हाती लागावी हा त्यामागचा हेतू होता. त्यानंतर बरोबर ४२० वर्षांनी (हा आकडा निव्वळ योगायोगाचा आहे) त्याच परिसरातून अशा गाड्या बाहेर पडू लागल्या, की ज्यांच्यात प्रक्षेप करणे हेच त्यांच्या मालकांनी आपले जीवितकार्य मानले. ग्रंथाच्या बाबतीत प्रक्षेप करणारा निदान स्वतःला लपवतो. गाडीच्या बाबतीत तो मागच्या काचेवर स्टिकर लावतो.

गाडीची संहिता निश्चित करू पाहणाऱ्या अभ्यासकाला प्रथम मौखिक परंपरेला तोंड द्यावे लागते. या परंपरेनुसार प्रत्येक जुनी गाडी पूर्वी एखाद्या डॉक्टरांची असते आणि डॉक्टर ती फक्त रविवारी बाहेर काढत असत. महाराष्ट्रात अशा रीतीने विकल्या गेलेल्या गाड्यांची गणती झाली तर राज्यात डॉक्टरांचा तुटवडा आहे हे म्हणणे टिकणार नाही. दलालाच्या मते इंजिन ‘खोललेलेच नाही’, मिस्त्रीच्या मते ते आपण स्वतः खोलले असल्यामुळे चिंतेचे कारण नाही, आणि ही दोन्ही विधाने एकाच वेळी, एकाच गाडीच्या दोन बाजूंना उभे राहून, कोणताही संकोच न बाळगता केली जातात. बदलांविषयी थेट विचारलेच तर ‘फक्त स्टेज वन केलंय, साहेब’ असे उत्तर मिळते. स्टेज वन म्हणजे यंत्रभागांना हात न लावता केवळ इंजिनाच्या संगणकातील आज्ञावली बदलणे, आणि स्टेज टू म्हणजे त्याच्या जोडीला धूर बाहेर नेणारे पाइप मोकळे करणे, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु या पायऱ्या कोणत्याही मानक संस्थेने ठरवलेल्या नसल्यामुळे एका गॅरेजच्या मते दुसऱ्या पायरीवर उभी असलेली गाडी दुसऱ्या गॅरेजच्या मते अजून उंबरठ्यावरच असते.

मौखिक परंपरा बाजूला ठेवून बॉनेट उघडले की डोळ्यांना दिसणारा पुरावा समोर येतो, आणि त्यातील बहुतांश भाग शक्तीशी नव्हे तर ध्वनीशी संबंधित असतो. टर्बोने दाबलेली हवा चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच अडते. ही अडलेली हवा पुन्हा टर्बोच्या आधीच्या पाइपात मुकाट्याने सोडणारा व्हॉल्व्ह कारखाना बसवतो. तो काढून त्याजागी हवा थेट वातावरणात सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवला, की प्रत्येक गिअर बदलताना ‘फुस्स’ असा आवाज येतो आणि तो ऐकून फुटपाथवरची मुले वळून पाहतात. अडचण एवढीच, की बाहेर गेलेली ही हवा संगणकाने आधीच मोजलेली असते आणि ती आत गेली असे समजून तो तेवढे पेट्रोल सोडून बसतो. म्हणून फुसकारा झाल्यावर मिश्रण क्षणभर पेट्रोलने जड होते, गाडी मागून काळसर धूर सोडते आणि अडखळते. या अडखळण्याला ‘पॉवरचा झटका’ असे मानाचे नाव आहे. मूळ बंद डब्यातील फिल्टर काढून बसवलेला शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टरही याच कुळातला असून, तो हवा अधिक घेतो हे खरे असले तरी ती इंजिनाच्या शेजारची तापलेली हवा असते. शिवाय त्याला चोपडलेले तेल प्रमाणाबाहेर झाले तर ते पुढच्या हवा मोजणाऱ्या सेन्सरवर जाऊन बसते. निदानाच्या सॉकेटमध्ये कधीकधी एक छोटी डबीही खोचलेली आढळते, जी शक्ती वाढवण्याचे आश्वासन देऊन विकली जाते आणि जिच्या आत लुकलुकणाऱ्या दिव्याखेरीज उल्लेखनीय असे काही नसते. अभ्यासकाने ती काढून ठेवावी. गाडीला तिची उणीव जाणवत नाही.

खरा पुरावा मात्र आकड्यांत असतो आणि तो देणारा साक्षीदार म्हणजे इंजिनाचा संगणक, ज्याला गॅरेजात ‘ईसीएम’ म्हणतात. या गाडीतला ईसीएम बॉश कंपनीचा असून त्याचा स्वभाव एखाद्या जुन्या हेडक्लार्कला शोभेल असा आहे: तो सर्व काही नोंदवतो, बोलत काही नाही, आणि विचारणाऱ्याने योग्य क्रमांकाची फाइल मागितली तरच ती पुढे करतो. आत येणारी हवा मास एअरफ्लो सेन्सरने ग्रॅममध्ये मोजायची, तिच्या प्रमाणात पेट्रोल सोडायचे, आणि जळून बाहेर पडणाऱ्या वायूंत किती ऑक्सिजन उरला हे लॅम्बडा सेन्सरकडून समजून घेऊन हिशेब बरोबर होता की नाही ते ताडायचे, अशी त्याची कार्यपद्धती आहे. हिशेब सतत एकाच बाजूला चुकत असेल तर तो तेवढी कायमची दुरुस्ती लावून घेतो. या साठवलेल्या दुरुस्तीला ‘फ्युएल ट्रिम’ म्हणतात आणि निदानाच्या सॉकेटला जोडलेल्या पडद्यावर ती आकड्यांच्या ३२ क्रमांकाच्या गटात टक्केवारीने वाचता येते. ही टक्केवारी म्हणजे पूर्वमालकांच्या कर्तृत्वाची पासबुकात पडलेली नोंद होय.

उदाहरणार्थ, इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारा दाब मूळचा ३ बार असतो, आणि तो ठरवणारा छोटा रेग्युलेटर बदलून ४ बारचा बसवणे ही या इंजिनावरची जगभर प्रचलित अशी स्वस्त युक्ती आहे. छिद्रातून जाणारा द्रव दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ३ चे ४ बार झाल्यास पेट्रोल सुमारे १५ टक्के जास्त जाते, आणि संगणक ते गुपचूप कमी करत करत उणे १३ टक्क्यांच्या आसपास येऊन स्थिरावतो. अशा वेळी मालकाने जास्त पेट्रोल मिळावे म्हणून पैसे मोजलेले असतात आणि संगणक ते पेट्रोल परत करत बसलेला असतो. याउलट एखाद्याने मोठ्या गाडीच्या हवामापकाची रुंद नळी आणून बसवली असेल, तर तीच हवा सेन्सरजवळून संथपणे जाते, संगणकाला ती कमी वाटते, पेट्रोल कमी पडते आणि दुरुस्ती अधिक बाजूला सरकत जाते. चालताना आकडा ठीक पण इंजिन नुसते सुरू ठेवून उभे असताना बिघडलेला दिसला, तर दोष दाबाचा नसून कुठल्यातरी फाटक्या व्हॅक्यूम पाइपाचा असतो, आणि मिस्त्री ज्याला ‘गाडी हवा खाते’ म्हणतात तो प्रकार हाच.

या गणितात अलीकडे एका नव्या पूर्वमालकाची भर पडली आहे, ती म्हणजे केंद्र शासनाची. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेले ई२० इंधन देशभर मिळू लागल्यापासून जुन्या गाडीच्या संगणकाला त्याच हवेसाठी अधिक इंधन सोडावे लागते, कारण पूर्ण ज्वलनासाठी शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे सुमारे १४.७ भाग लागतात तर या मिश्रणाला सुमारे १३.५ भागच पुरतात. परिणामी कोणीही काहीही न बदललेल्या गाडीची दुरुस्तीही सात-आठ टक्के अधिक दाखवते. अभ्यासकाने हे ध्यानात न घेतल्यास निष्पाप पूर्वमालकावर आळ येतो. परंतु याहून धोकादायक स्थिती म्हणजे ४ बारचा रेग्युलेटर आणि ई२० हे दोन्ही एकाच गाडीत असण्याची. तेव्हा उणे १३ आणि अधिक ८ या टक्क्यांचा गुणाकार होऊन पडद्यावर उणे सहा-सात असा अत्यंत शालीन आकडा उमटतो, तपासणारा मान डोलावतो आणि दोन प्रक्षेप एकमेकांच्या आड बिनबोभाट राहतात. जुन्या गाडीच्या चिकित्सेत निर्दोष आकड्याकडे सदोष आकड्यापेक्षा जास्त संशयाने पाहावे लागते ते यासाठी.

शक्ती खरोखर किती वाढली आहे याचाही अंदाज याच संगणकाकडून मिळतो, आणि त्यासाठी ‘डायनो’ नावाच्या, चाके रुळांवर फिरवून शक्ती मोजणाऱ्या यंत्राकडे लगेच धाव घेण्याचे कारण नसते. दर सेकंदाला आत जाणाऱ्या हवेचे ग्रॅम ०.८ ने भागले की ढोबळमानाने अश्वशक्ती मिळते. म्हणजे १५० अश्वशक्तीच्या गाडीने पूर्ण जोरात सेकंदाला १२० ग्रॅमच्या आसपास हवा घेतली पाहिजे आणि २०० अश्वशक्तीचा दावा करणाऱ्या गाडीने १६० ग्रॅमच्या आसपास. प्रत्यक्षात २०० चा दावा असलेली गाडी १०० ग्रॅमवरच दमते तेव्हा दोन शक्यता उरतात: एक तर सेन्सर जुना होऊन कमी वाचत असेल, किंवा दावा जुना होऊन जास्त बोलत असेल.

टर्बोचा दाब मोजायचा असेल तर ११५ क्रमांकाचा गट मागावा, ज्यात संगणकाने मागितलेला दाब आणि प्रत्यक्षात मिळालेला दाब शेजारी-शेजारी दिसतात. या दोन आकड्यांतील संबंध सुखी संसारासारखा असणे अपेक्षित असले तरी बदललेल्या गाडीत तो क्वचितच तसा आढळतो. काही मालक टर्बोच्या दाबाच्या नळीत हाताने फिरवायचा स्क्रू असलेला पितळी व्हॉल्व्ह बसवतात. त्यामुळे संगणकाने अर्धा बार मागितला तरी टर्बो एक बार देतो. हा संगणक सर्व हिशेब टॉर्कच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या पिळाच्या, भाषेत करत असल्याने मागितल्यापेक्षा जास्त पीळ आला की त्याला तो बंडाचा प्रकार वाटतो आणि तो थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, स्वतःच लोटून देतो. मालक स्क्रू पिळत राहतो आणि संगणक झडप मिटत राहतो. हे द्वंद्व पराकोटीला गेले की संगणक टर्बोचे नियंत्रणच सोडतो, गाडी ‘लिंप मोड’मध्ये, म्हणजे घरी पोहोचण्यापुरत्या शक्तीवर, येते आणि घाट चढताना मागून आलेला एसटीचा चालक हॉर्न वाजवतो.

याच्या उलट, मागितलेला दाब मिळतच नसेल आणि दोषांच्या यादीत १७७०५ हा क्रमांक, म्हणजे टर्बो आणि थ्रॉटल यांच्या दरम्यान दाब घटल्याची नोंद, सापडली, तर कुठेतरी पाइप फुटलेला किंवा क्लिप सुटलेली असते. तो शोधण्याचे आधुनिक साधन धूर सोडणारे यंत्र हे असले, तरी प्लंबिंगच्या दुकानातून आणलेले पीव्हीसीचे झाकण, त्यात बसवलेला टायरचा व्हॉल्व्ह आणि हवा भरायचा पंप एवढ्या साहित्यात हेच काम होते: टर्बोचे तोंड त्या झाकणाने बंद करायचे, बेताने हवा भरायची आणि साबणाचे पाणी शिंपडून फेस कुठे येतो ते पाहायचे. वीस वर्षांच्या रबरी पाइपांवर हा प्रयोग केला असता फेस कुठे येत नाही हे सांगणे अधिक सोपे जाते. याच सुमारास पूर्वसुरींचे एम-सील, इन्सुलेशन टेप आणि सायकलच्या ट्यूबचे तुकडे प्रकाशात येतात, आणि त्यांच्या थरांवरून गाडी किती हातांतून गेली याचा अंदाज आरसी बुकापेक्षा अचूक येतो.

आता आज्ञावलीचा, ज्याला ‘रिमॅप’ म्हणतात त्याचा, प्रश्न उरतो. ऑक्टेन म्हणजे दाबाने आपोआप पेटण्यास पेट्रोल किती विरोध करते याचे माप. युरोपातील ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी लिहिलेली आज्ञावली येथे आणून त्याहून कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर चालवली, की मिश्रण अवेळी पेटते आणि इंजिन आतून टकटकते. इंजिनावर बसवलेले सेन्सर ही टकटक कान देऊन ऐकतात आणि संगणक त्या-त्या सिलिंडरची ठिणगी काही अंशांनी उशिरा टाकतो. २० क्रमांकाच्या गटात हा उशीर सिलिंडरनिहाय दिसतो. तो शून्य ते तीन अंश असेल तर प्रकृती उत्तम समजावी. आठ-दहा अंश असेल तर रिमॅपसाठी मोजलेल्या पैशांतून आणलेली शक्ती संगणकाने त्याच वाटेने परत पाठवली असे समजावे. (ई२० मधील इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढते, त्यामुळे ज्या शासनाने हवा-इंधनाचा हिशेब बिघडवला त्यानेच टकटक थोडी कमी केली, ही गोष्ट निःपक्षपाती अभ्यासकाने नोंदवलीच पाहिजे.)

आज्ञावली बदलली आहे की नाही हे पडद्यावरच्या नावावरून कळत नाही, कारण बदलणारे लोक मूळ क्रमांक तसाच ठेवतात. त्यासाठी ईसीएमच्या डब्याचे झाकण कधी उघडले गेले होते का, त्याच्या कडांचा कारखान्याचा डिंक शाबूत आहे की त्यावर दुसऱ्या रंगाच्या सिलिकॉनचे बोट फिरले आहे हे पाहावे लागते, आणि अखेरीस आतील सामग्री वाचून मूळ प्रतीशी ताडून पाहावी लागते. या पाठभेदांच्या अभ्यासातून निघणारे निष्कर्ष अनेकदा हृदयद्रावक असतात. कधी केवळ कमाल वेगाची मर्यादा काढलेली असते; कधी कॅटकॉन, म्हणजे धूर शुद्ध करणारे उपकरण, गायब केल्यावर पेटणारा दिवा विझवण्यापुरतीच दुरुस्ती असते; आणि कधी दोन्ही प्रती पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तंतोतंत जुळतात. तिसऱ्या प्रकारात मालकाने ज्या आज्ञावलीच्या बळावर वर्षानुवर्षे मित्रांना द्रुतगती मार्गावर मागे टाकले ती कारखान्याचीच होती, असा निष्कर्ष निघतो. तो मालकाला सांगावा की नाही हा शास्त्राचा नव्हे तर माणुसकीचा प्रश्न आहे.

एवढी चिकित्सा झाल्यावर प्रत्यक्ष ट्यूनिंगला सुरुवात होते, आणि ते बहुतांशी काढून टाकण्याचेच काम असते: फुसकारणारा व्हॉल्व्ह जाऊन मुका व्हॉल्व्ह येतो, पितळी स्क्रू जातो, फिल्टर डब्यात परततो, रेग्युलेटर ३ बारचा होतो, पाइप, प्लग आणि इग्निशन कॉइल नव्या येतात. त्यानंतर गाडी पूर्वीच्या तथाकथित २०० अश्वशक्तींपेक्षा अधिक जोमाने पळते, परंतु तिच्यातून आवाज येत नसल्यामुळे मालकाला ती मंद झाल्यासारखी वाटते. रिमॅप करायचाच असेल तर तो यानंतर, इथल्या पेट्रोलवर, आकडे पाहत करावा. त्याआधी केलेला रिमॅप हा गळक्या टाकीत जास्त दाबाने पाणी सोडण्याचा प्रकार आहे. कायद्याच्या बाजूने पाहता मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार वाहनात मूळ रचनेविरुद्ध बदल करण्यावर निर्बंध आहेत. मात्र रस्त्यावर पोलिसांचे लक्ष बहुधा सायलेन्सरकडेच जाते, जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडण्याचे कार्यक्रमही राज्यातील शहरांत झालेले आहेत, आणि आज्ञावलीवर रोलर फिरवण्याची सोय अद्याप उपलब्ध नाही.

अशी गाडी घेऊ पाहणाऱ्या वाचकाने या सर्व तपासण्यांच्याही आधी एक गोष्ट करावी. या इंजिनाचा टायमिंग बेल्ट तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हांवर आदळतात, आणि येथे व्हॉल्व्ह २० आहेत. म्हणून सौदा ठरण्यापूर्वी बेल्ट, त्याचा टेन्शनर आणि वॉटर पंप कधी बदलले याची पावती मागावी. ‘मागच्याच वर्षी केलंय’ या उत्तराला पावती समजू नये, आणि पावती नसेल तर ते काम झालेले नाही असे धरून त्याचा खर्च गाडीच्या किमतीतून वजा करावा.